डबा उघडा बघू! : गवताची भजी

मुलांनो, या आठवड्यात मी तुम्हांला गवताची भजी करायला शिकवणार आहे.

हसलात ना? हसा. पण 'गवत' हा शब्द माझा नाही बरं का, आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याचा आहे. आणि खरं सांगायचं तर थोडासा माझाही आहे. कसा, ते आधी ऐका. भजी काय, पळून जात नाहीत!

जूनचा शेवटचा आठवडा. बाहेर धो धो पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग, आणि मैदानावर तळं साचल्यामुळे मधल्या सुट्टीत सगळी सेना वर्गातच. अशा दिवशी मी डबे पाहत बाकांमधून एक फेरी मारते. कुणाची बटाट्याची भाजी, कुणाचा तूपसाखरेचा रोल, कुणाच्या डब्यात लपवून आणलेल्या नूडल्स. शेवटच्या बाकावर एक मुलगी डब्याचं झाकण आडवं धरून जेवत होती. तिचं नाव मी सांगणार नाही, तिनंच तसं बजावलंय. शेजारच्या मुलानं मान लांब केली आणि तो ओरडला, "बाई, ही गवत खातेय!"

झालं! कुणीतरी मागून "हम्माऽऽ" केलं आणि सगळा वर्ग खिदळला.

मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. तांदळाची भाकरी आणि लांब लांब पात्यांची हिरवीगार भाजी. मुलांना मी रागावले, ते ठीकच झालं. पण पाठोपाठ तिला काय म्हणाले ठाऊक आहे? "उद्यापासून साधी पोळीभाजी आणत जा गं." दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बिस्किटं होती. तिसऱ्या दिवशीही बिस्किटं. चौथ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "भूक नसते बाई."

शनिवारी संध्याकाळी मी बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला भाजी घ्यायला गेले होते. तुमच्यापैकी जे बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहतात त्यांनी पाहिलं असेल, पहिला पाऊस पडला की स्टेशनबाहेर नेहमीच्या भाजीवाल्यांच्या पलीकडे काही बायका प्लास्टिकचा कागद अंथरून बसतात. त्यांच्याकडे कोबी-फ्लॉवर नसतो. टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या असतात. त्यांतल्या कितीजणी पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवरून पहाटेच्या गाडीनं टोपल्या घेऊन येतात. अशाच एका आजीच्या शेजारी बसून माझी ती विद्यार्थिनी जुड्या बांधत होती. तिनं मला पाहिलं आणि ती आजीच्या पाठीमागे सरकली.

आजी मात्र म्हणाली, "घे ना बाय, कवळी हाय." तिच्या हातात तेच ते 'गवत' होतं.

"काय म्हणतात हो हिला?"

"फोडशी."

"आणि करायची कशी?"

आजी हसली आणि तिनं नातीला कोपरानं पुढे ढकललं. "हिला इचार. घरी हीच निवडते."

पोरगी थोडा वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिली. मग पाढे म्हणावेत तशी एका दमात म्हणाली, "पाती सुट्या करायच्या. खालचं पांढरं कापून टाकायचं. मधला दांडा ओढून काढायचा, तो शिजत नाही. तीन पाण्यांत धुवायची, माती असते. कांदा जास्त घालायचा. आणि बाई, फुलं आली असली तर घ्यायचीच नाही, निबर होते."

"आणि भजी होतात का हिची?"

"होतात की!" आणि मग पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. "आजी करते ना."

मी दोन जुड्या घेतल्या.

आता आमच्या घरातली माणसं सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. सासऱ्यांना कवळी आहे. सासूबाईंना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी तळलेलं जपून खायला सांगितलंय. माझी सहा वर्षांची लेक पोह्यांतली कोथिंबीरसुद्धा पान न पान वेचून ताटाच्या कडेला रांगेत मांडते. आणि हिच्या बाबांना भजी म्हणजे तळलेली, कुरकुरीत, चहाबरोबर, बास!

पहिल्या दिवशी मी घाई केली. फोडशी एकाच पाण्यात धुतली. दांडे काही काढले, काही राहिले. कांदाभजीला करते तसं भरपूर बेसन, पाणी, चिमूटभर सोडा, आणि सोडली तेलात. दिसायला झकास झाली हो! सासऱ्यांनी पहिलं भजं तोंडात टाकलं आणि कचकन आवाज आला. माती! लेकीनं माशाचे काटे काढावेत तसे हिरवे धागे उपसून काढले आणि नुसतं पीठ खाल्लं. भजी टिपायला ठेवलेला कागद तेलानं असा पारदर्शक झाला की खालच्या ताटाची नक्षी दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "भाजी कुठाय गं यात? ही तर बेसनाची भजी, फोडशी नुसती वासाला."

त्यांचं खरं होतं. भज्यांत भाजी घातली की ती पौष्टिक झाली, असं आपल्याला वाटतं. पण दोन वाट्या बेसनात मूठभर भाजी म्हणजे आगगाडीच्या रिकाम्या डब्यात एक प्रवासी! मग मी ठरवलं, भाजीला पीठ लावायचं, पिठाला भाजी नाही. फक्त एकमेकांना धरून राहण्यापुरतंच पीठ.

आता पुढचं जरा नीट वाचा, कारण यात विज्ञान आहे आणि परीक्षेत नसलं तरी पोटात जाणार आहे.

भजं तेलात सोडलं की चुर्रर्र आवाज येतो आणि बुडबुडे येतात. ते बुडबुडे तेलाचे नाहीत, पाण्याच्या वाफेचे असतात. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि तळणीचं तेल असतं साधारण १७० ते १८० अंशांवर. त्यामुळे भज्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर धावते. लोकलमधून उतरणारी गर्दी दारात असताना तुम्हांला आत शिरता येतं का? तसंच तेलाचं होतं. वाफ बाहेर येतेय तोवर तेलाला आत जायला फारशी वाट मिळत नाही. पण तेल कोमट असेल तर वाफेला जोर नसतो, वरचं कवच लवकर धरत नाही, भजं तेलात उगाच जास्त वेळ लोळतं आणि तेल पितं. एकदम दहा-पंधरा भजी सोडली तरी हेच, कारण सगळं गार पीठ मिळून तेलाची उष्णता खाऊन टाकतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. भजं बाहेर काढल्यावरही तेल पितं! गार होताना आतली वाफ आटते, तिथे जागा रिकामी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून भजी झाऱ्यावर निथळून, बाहेर काढल्या काढल्या लगेच जाळीवर किंवा स्वच्छ टिपकागदावर ठेवायची. पाच मिनिटांनी टिपून काय उपयोग? चोर गेल्यावर कुलूप! वर्तमानपत्रावर मात्र ठेवू नका, छपाईची शाई भज्याला लागते. सोड्यानं भजी हलकी, जाळीदार होतात आणि त्या जाळीत तेल जाऊन बसतं, म्हणून आपण सोड्याला सुट्टी देऊ.

तर हे घ्या साहित्य. बारीक चिरलेली फोडशी दोन वाट्या, दाबून भरलेल्या. एक मोठा कांदा, उभा पातळ चिरलेला. अर्धी वाटी मुगाची डाळ, तीन तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटलेली. दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ. आलं, मिरची तुमच्या घराच्या तिखटाप्रमाणे. ओवा, हळद, हिंग, एक चमचा तीळ आणि मीठ. मुगाची डाळ का? पचायला हलकी, आणि तिच्यात प्रथिनंही भरपूर. तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी.

करायचं असं. फोडशी आणि कांदा एकत्र करून मीठ लावायचं आणि हातानं हलकेच चुरून दहा मिनिटं ठेवून द्यायचं. मीठ त्यांतलं पाणी बाहेर ओढतं. परातीत तळाशी पाणी दिसायला लागेल, ते फेकायचं नाही! त्याच पाण्यात डाळ, पिठं, मसाला कालवायचा. वरून एक थेंबही पाणी घालायचं नाही. हे इतकं घट्ट कसं राहणार, असं वाटेल. वाटू दे. मुठीत धरलं की गोळा झाला पाहिजे आणि गोळ्यात हिरवं जास्त, पिवळं कमी दिसलं पाहिजे. कालवलं की लगेच करायला घ्या. ठेवून दिलंत तर आणखी पाणी सुटेल, मिश्रण सैल होईल आणि आई म्हणेल, "घाल अजून बेसन!" मग आपण पुन्हा बेसनाच्या भज्यांवर!

गॅसजवळ मोठं माणूस हवंच हवं. चिरणं, वाटणं, कालवणं तुमचं, तळणं त्यांचं. आणि हो, मुलग्यांनो, हे 'तुमचं' मी मुलगे आणि मुली दोघांना म्हणतेय. आमच्याकडे चिरायला हिचे बाबा बसतात आणि माझ्यापेक्षा बारीक चिरतात.

तेल तापलं का, हे पाहायला पिठाचा वाटाण्याएवढा गोळा सोडा. तळाला जाऊन लगेच वर आला की तेल तयार. तळालाच बसून राहिला तर थांबा. लगेच काळा पडला किंवा तेलातून धूर निघाला, तर गॅस कमी करा. भजी छोटी आणि चपटी सोडा, म्हणजे आतली डाळ शिजते आणि वेळ कमी लागतो.

आता आमच्या घरच्या चार माणसांच्या चार तऱ्हांचं काय? दुसऱ्या खेपेला मी एकाच मिश्रणाचे चार वाटे केले. बाबांचे कढईत. लेकीचे आप्पेपात्रात, प्रत्येक खळग्यात चार-पाच थेंब तेल, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं, मग उलटून तीन मिनिटं. तिला ते 'बॉल' वाटले आणि बॉलमधून काही वेचून काढायचं नसतं, असा तिचाच नियम निघाला! सासऱ्यांसाठी तव्यावर जाडसर टिक्क्या थापल्या, दह्याबरोबर. कवळीला मऊ लागतात. सासूबाईंसाठी तेल लावलेल्या ताटलीत थापून पंधरा मिनिटं वाफवलं, वड्या कापल्या आणि वर चमचाभर तेलाची मोहरी-तिळाची फोडणी. अळूवडीच्या चुलतबहिणीच म्हणा ना! त्या त्यांनी खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणाल्या, आणि मग बाबांच्या ताटातलं एक तळलेलं भजंही उचललं. मी पाहिलं, तर म्हणाल्या, "एकच गं. भज्याचं अगदी औषध करून टाकू नकोस." मलाही ते पटतं. तळलेलं रोज खायचं नाही, पण पावसात एखाद्या दिवशी चार भजी खाल्ली म्हणून आभाळ कोसळत नाही.

खाताना वर लिंबू पिळायला विसरू नका. हिरव्या पाल्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं 'क' जीवनसत्त्व मदत करतं. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा पुन्हा तळणाला वापरू नका, आणि मोरीत ओतू नका.

आता शाळेत काय झालं ते. त्या रविवारी मी वनस्पतींचं एक पुस्तक काढून बसले. फोडशीच्या घराण्यात बरीच भावंडं आहेत. त्यांतल्या एकाला औषधाच्या दुकानात सफेद मुसळी म्हणतात, आणि तिचं शास्त्रीय नाव वाचून मी पानच घट्ट धरून ठेवलं. 'क्लोरोफायटम बोरिविलियानम'! बोरिविलियानम म्हणजे बोरिवलीची! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे, स्पेनमध्ये जन्मलेले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात या वनस्पतीचं वर्णन जगापुढे मांडलं आणि तिला आपल्या उपनगराचं नाव दिलं. जगातल्या कुठल्याही देशातला वनस्पतिशास्त्रज्ञ या झाडाचं नाव घेतो तेव्हा त्याला 'बोरिवली' म्हणावंच लागतं, मग त्याला बोरिवली कुठल्या लाइनवर आहे हे ठाऊक नसलं तरी!

सोमवारी मी ते नाव फळ्यावर लिहिलं. वर्ग गार! "बाई, आपली बोरिवली?" "हो, आपलीच." लगेच एक हात वर. "बाई, कांदिवलीच्या नावाचं काही नाही का?" मला तरी सापडलं नाही. कांदिवलीकरांनी मनावर घ्यावं.

मग मी टेबलावर फोडशीच्या जुड्या ठेवल्या. "ही ओळखणारं वर्गात एकच माणूस आहे. आज ते शिकवील, मी बाकावर बसते." आणि मी खरंच तिच्या बाकावर जाऊन बसले. त्याआधी एक गोष्ट मला बोलायची होती, ती सगळ्यांसमोर बोलले. "त्या दिवशी मी हिला साधी भाजी आण म्हणाले. मला ही भाजी माहीत नव्हती, म्हणून तसं म्हणाले. चूक माझी होती." वर्गात एवढी शांतता गृहपाठ विचारल्यावरही नसते.

ती उठली. सुरुवातीला आवाज फुटेना. पण हातात पाती आल्यावर बोटंच बोलायला लागली. 'गवत' म्हणणाऱ्या पठ्ठ्याला तिनं दांडे ओढायच्या कामाला बसवलं आणि त्याची प्रत्येक पात उलटून तपासली. "ही परत कर." बिचाऱ्याची नखं दोन दिवस हिरवी होती. धुण्याची तीन पाणी झाली, तिसऱ्या पाण्याच्या तळाशीही चिमूटभर माती निघाली, ती तिनं सगळ्यांना दाखवली. शाळेच्या मावशींनी चहाच्या गॅसवर घाणा काढला. एकेकाच्या वाट्याला दीड भजं आलं, त्यावरून जवळजवळ मारामारी झाली.

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या पुस्तकात नव्हती. म्हणाली, "आजी पातीच खुडते, कांदा उपटत नाही. तो राहिला की दुसऱ्या पावसात परत फुटते." खरंच, सफेद मुसळीची मुळं औषधासाठी इतकी उकरली गेली की रानातून ती बरीच कमी झालीय.

हे वाचून लगेच पिशवी घेऊन रानात पळू नका हं! एकसारखी दिसणारी पानं पुष्कळ असतात, त्यांतली काही विषारीही असतात. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते. आणि बोरिवली-मुलुंडच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानातून तर एक पानही तोडायला बंदी आहे. रानभाजी घ्यायची ती जाणत्या माणसाकडून, विचारून. गेल्या काही वर्षांत ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला राज्याचा कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तुमच्या गावात भरला तर जरूर जा.

फोडशी मिळत नसलेल्या मित्रांनो, रुसू नका. हेच माप मेथीला चालतं, चवळईला चालतं. शेवग्याचा पाला दोन वाट्यांऐवजी एकच घ्या, आणि एक वाटी किसलेलं गाजर. कोबीला मीठ लावल्यावर खूप पाणी सुटतं, तेव्हा तो थोडा पिळून घ्या आणि पिळलेलं पाणी आमटीत घाला. दुधीचंही तसंच. पालक चिरण्याआधी फडक्यावर चांगला कोरडा करा. आणि एक प्रयोग करून मला कळवा. कढईत तेल मोजून ओता, तळून झालं की पूर्ण गार झाल्यावर परत मोजा. एकदा सैल पिठाची भजी, एकदा आपली घट्ट, दोन्ही वेळा भजी तेवढीच. कुणी किती तेल प्यायलं?

आमच्या वर्गात आता डबा झाकून कुणी खात नाही, असं म्हटलं तर ती थाप होईल. कारल्याचा डबा अजून झाकलेलाच असतो. पण शेवटच्या बाकावर परवा मी मुद्दाम माझा डबा घेऊन गेले, आत फोडशीची भाजी होती, मी केलेली. तिनं घास घेतला, चावला, थांबली, आणि तोंडातून एक लांब दांडा काढून माझ्या झाकणावर ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "परत कर."